अपुऱ्या यात्रेचं मावंदं

एप्रिलच्या मध्यावर मी ताश्कंदहून लातूरला आले, तेव्हा माझी सॅक बरोबर नव्हती. ती तिथल्या एका घरगुती गेस्टहाउसच्या मालकिणीकडे ठेवली होती, तिच्या लोणच्याच्या बरण्यांच्या खोलीत. मुद्दामच ठेवली. सॅक पाठीवर घेऊन घरी आले असते तर लोकांच्या लेखी मी परत आले असते. मला फक्त पासपोर्ट बदलून घ्यायचा होता.

चूक माझीच होती. वर्षभर जग फिरायचं तर साठ पानांचा पासपोर्ट घ्यावा, हे मला निघायच्या आधीच एकानं सांगितलं होतं. मी कंटाळा केला आणि छत्तीस पानांत जग बसवायला निघाले. काही देशांचे शिक्के कोपऱ्यात बसतात, काही देशांना अख्खं पान लागतं. अकरा महिन्यांनी किरगिझस्तानच्या सीमेवर खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट पुढून मागून चाळला, उरलेल्या अर्ध्या पानावर बोट ठेवलं आणि मान हलवली. माझ्या मागे रांगेत पिशव्या घेतलेल्या बायका होत्या. त्यांनी मला बाजूला सरकवलं.

अजून एकवीस दिवसांचा टप्पा उरला होता. सीमेपलीकडे डोंगरात एक मोठं तळं आहे. तिथपर्यंत जायचं, काठावर सॅक उतरवायची आणि 'आता पुरे' असं माझ्या तोंडानं म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. ऐकणाऱ्याला हे फार वाटणार नाही. पण तोवरच्या आयुष्यात माझी कुठलीच गोष्ट मी संपवली नव्हती. नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, तो वडिलांच्या आजारपणात सुटला. औशाला लग्न करून गेले, ते लग्न तिकडच्यांनी मोडलं. सरकारी दवाखान्यातली नोकरी मुदतीआधी सोडली, कारण मायच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तिला उठवायला-बसवायला माणूस हवं होतं. पुढची पाच वर्षं माय माझ्याकडे होती. चोपन्नाव्या वर्षी मी धाकट्या भावाला म्हटलं, आता एक वर्ष तू सांभाळ, मी जग बघून येते. तो नांदेडला असतो. तो म्हणाला, "हाव. तुझी यात्रा होईपर्यंत माय माझ्याकडं."

यात्रा हा शब्द त्याचा. अक्का खांद्यावर पिशवी टाकून एकटीच देशोदेशी फिरते, हे नातेवाइकांना सांगणं त्याला जड जात होतं. म्हणून त्यानं सगळ्यांना सांगितलं, अक्का यात्रेला गेली. मी हसले होते. तेव्हाच हरकत घ्यायला हवी होती.

दिल्लीहून रेल्वेनं आधी नांदेडला उतरले, मायला बघायला. ती भावाच्या घरी मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची लावून बसली होती. ऐंशी वर्षांची, वॉकर धरून चालते, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"आलीस? झालं का फिरून?"

"न्हाई. तीन आठवडे हायत अजून."

"मग मधीच कशाला आलीस?"

"वही संपली. शिक्के मारायला जागा न्हाई."

"मग नवी वही घे अन् जा," माय म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तिच्यापुरता विषय संपला. पण दारात भावजय चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी दवाखान्यात खूप वेळा पाहिलंय. रात्रपाळीच्या बाईला बदलीची बाई येताना दिसते, तेव्हा चेहरा असा होतो.

नांदेडहून अहमदपूरमार्गे एसटीनं लातूर. घराचं कुलूप तेल घालून उघडावं लागलं. आत धूळ, वर तापलेलं छत, आणि माठात पाण्याऐवजी कोळ्याचं जाळं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळ नऊ दिवसांनी येत होता. मी आले त्याच्या आदल्या दिवशी तो येऊन गेला होता. म्हणजे पुढचे आठ दिवस बोअरवर. आमच्या बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

पासपोर्टच्या कार्यालयात काम पटकन झालं. तिथल्या मुलीनं जुन्या पासपोर्टचा कोपरा कापला, रद्दचा शिक्का मारला आणि तो मला परत दिला. "आठवण म्हणून ठेवा मॅडम," म्हणाली. नवा पोलीस चौकशीनंतर टपालानं येणार होता. बाहेर येऊन मी तो कापलेला कोपरा बघत उभी राहिले. अकरा महिन्यांत सव्वीस देशांत शिरले आणि बाहेर पडले. आता मला देशाबाहेर काढणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. दहा दिवसांचा प्रश्न आहे असं स्वतःला सांगितलं आणि भाजी घेऊन घरी आले.

ते दहा दिवस मोठे होते. फिरताना माणसाला वेळ पुरत नाही. पुढची बस कुठून, रात्री टेकायचं कुठं, चपला कुठं शिवून मिळतील, यात दिवस जातो. इथं माझा फेरा ठरला. सकाळी गच्चीवर जाऊन टाकीत डोकवायचं, कूलरमध्ये दोन बादल्या ओतायच्या, टपालवाल्याची वाट बघायची, दुपारी कूलरसमोर पडायचं, संध्याकाळी पुन्हा टाकीत डोकवायचं. दुपारी बारा ते पाच गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नसे. मी ज्या खोलीत पाच वर्षं मायच्या खाटेशेजारी गादी टाकून झोपले, त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली पडून मी किरगिझस्तानचा नकाशा फोनवर बोटानं मोठा-छोटा करत होते.

शिवाय मी आल्याचं गल्लीत कळलं. "सिस्टर आल्या." जग कसं होतं हे विचारायला फार कुणी आलं नाही. रक्तदाब मोजून घ्यायला आले. वर्षभराचे रक्तदाब तुंबले होते. समोरच्या घरातल्या मावशी, ज्यांच्याकडे माझी किल्ली असते, त्या तर दिवसातून दोनदा येत.

"आता पुरं झालं की फिरणं. तब्येत बघा, काळ्या ठिक्कर पडल्यात."

"अजून थोडं राहिलंय, मावशी."

"थोडं राहिलेलंच बरं असतं. देवाच्या दारातसुद्धा माणूस काही तरी ठिवून येतो."

पोलीस चौकशीला साध्या वेशातला एक शिपाई आला. त्यानं शेजाऱ्याची साक्ष हवी म्हटल्यावर मावशी पदर सावरून पुढे झाल्या.

"ह्या बाई गेल्या वर्षभरापासून इथंच राहतात का?"

"न्हाई बा. ह्या कुठं इथं असतात? ह्या जगात असतात."

शिपायाचं पेन थांबलं. "जगात म्हणजे?"

"म्हणजे बाहेर. समद्या जगात. आता आल्यात रक्तदाब बघायला."

मी घराचे कागद, वीजबिल, दवाखान्यातलं निवृत्तीपत्र सगळं पुढे ठेवलं आणि शांतपणे समजावलं की घर माझं, पत्ता हाच, मी प्रवासाला गेले होते आणि प्रवासासाठीच पासपोर्ट लागतो. त्याला ते पटलं असावं. कागद घडी घालताना तो म्हणाला, "सिस्टर, यंत्र हाय तर माझं पण बघता का जरा?" त्याचा जास्त निघाला. मीठ कमी करा म्हटलं.

भावाचा फोन आला तो त्याच आठवड्यात. "अक्का, अक्षय्य तृतीयेला तुझं मावंदं घालायचं ठरवलंय. लातूरलाच, तुझ्याच घरी. चुलते, मामाकडचे, तुझी गल्ली, धरून सत्तर-ऐंशी पान होईल. आचारी मी सांगितलाय."

आमच्याकडे काशी-रामेश्वर करून आलेला माणूस तिथलं पाणी आणतो. त्या पाण्याचा गडू पुजायचा, सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. ते झालं की यात्रा संपली. तोवर माणूस घरी आला तरी वाटेवरच धरतात. जुनी माणसं तर मावंदं होईपर्यंत त्याला घरात घेत नसत, गावाबाहेर मारुतीच्या देवळात ठेवत.

"अरे, पण माझं संपलं न्हाई अजून," मी म्हटलं.

"आता काय राहिलंय? अकरा म्हैने झाले की. ताटात शेवटचे चार घास राहिले म्हणून कुणी उपाशी उठलं असं होतं का? लोकं मला विचारायलेत, अक्का आली, मावंदं कधी? मी काय सांगू?"

मी फार ताणलं नाही. जेवण तर जेवण, असा विचार केला. आचारी येईल, लोक जेवतील, मी वाढीन, आणि पासपोर्ट आला की निघेन. मावंद्याच्या सहा दिवस आधी पासपोर्ट आला. टपालवाल्यानं माझाच चेहरा हवा म्हणून मला अंघोळीतून बाहेर काढलं. कडक, कोरा, साठ पानांचा. त्याच दुपारी मी ताश्कंदचं तिकीट काढलं, मावंद्यानंतरच्या पाचव्या दिवसाचं. मालकिणीला निरोप पाठवला. तिनं माझ्या सॅकचा फोटो पाठवला, वर मांजर बसलेलं.

त्या रात्री मला चांगली झोप लागली. ती शेवटची.

मावंद्याच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ आणि भावजय मायला घेऊन भाड्याच्या गाडीनं आले. त्यांच्या मागे एक छोटा टेम्पो होता. मला वाटलं, मांडवाचं सामान असेल. टेम्पोतून आधी मायचा वॉकर उतरला. मग तिची कमोडची खुर्ची. मग हवेची गादी आणि तिचा पंप. मग पत्र्याची पेटी, औषधांचा डबा, तिच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. मी अंगणात उभी राहून एकेक वस्तू बघत होते. एका जेवणासाठी कमोडची खुर्ची आणतात, हे मी धरून चालले. आजारी माणूस आहे, एक रात्र राहील. शेवटी भावानं एक गोधडी उतरवली. मायची जाड, थंडीतली गोधडी. बाहेर बेचाळीस अंश होते.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू दे की. थंडीत लागंल," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला.

म्हणजे ती थंडीपर्यंत राहणार होती.

मायला आत नेऊन बसवलं आणि मी भावाला स्वयंपाकघरात घेतलं. भावजय मागोमाग आली.

"माझं तिकीट काढलेलं हाय," मी म्हटलं. "तीन आठवडे दे मला. फक्त तीन."

"अक्का, बोलणं काय झालं होतं? यात्रा होईपर्यंत. उद्या मावंदं हाय. मावंदं झाल्यावर कसली यात्रा राहती?"

"तू वर्ष म्हटलं होतंस."

"मी यात्रा म्हटलं होतं. वर्ष तू म्हटलं होतंस."

हे खरं होतं. मग भावजय बोलली. ती कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही.

"ताई, वर्षभरात मी एक दिवस इस्लापूरला माहेरी गेले न्हाई. माझ्या भावाच्या लेकीचं बारसं झालं, मी फोनवर बघितलं. ह्यांना मायला उचलायला येत न्हाई, कंबर धरती म्हणतात. सकाळी दोनदा, दुपारी एकदा, रातच्याला एकदा. तुम्हाला म्या काय सांगावं? तुम्हीच केलंय ते."

ती सांगत होती तो दिवस मला तासागणिक पाठ होता. मी अकरा महिने बाहेर होते, कारण ही बाई अकरा महिने आत होती. हे मला कुठल्याही देशात विसरता आलेलं नव्हतं, फक्त तिनं तोंडावर म्हटलेलं नव्हतं. तिच्याकडे आणखी तीन आठवडे मी कुठल्या तोंडानं मागणार होते?

दुपारभर मी तिकिटाचा हिशोब मनात फिरवत बसले. मायसाठी बाई ठेवावी, तर परक्या बाईला माय हात लावू देत नाही. पूर्वी दोन बायका तिनं दोन दिवसांत पळवल्या होत्या. बरोबर न्यावी, तर वॉकरवर डोंगर चढवायचा का? ताश्कंदच्या मालकिणीला सॅक कुणाला तरी देऊन टाक असं लिहायला घेतलं. अर्धं लिहून ठेवलं. संध्याकाळी मायला खुर्चीवर बसवताना माझे हात आपोआप बरोबर जागी गेले, एक काखेत, एक कमरेच्या पट्ट्याला. वर्षभरानं. हात काही विसरले नव्हते.

"तुझे हात बरे," माय म्हणाली. "त्या पोरीचे थरथरतात."

"आता हेच हात हायत तुझ्या नशिबी," मी म्हटलं. चिडून म्हटलं होतं. मायनं माझ्याकडे वर बघितलं.

मावंद्याच्या दिवशी अंगणात मांडव पडला. आचाऱ्यानं येसर आमटीचं मोठं पातेलं चढवलं, बुंदी आली, वांगी आली. आचाऱ्याला खारं पाणी चालेना, म्हणून टँकर बोलवावा लागला. चुलते आले. ते मायचे धाकटे दीर, सत्तरीचे, सगळ्या घराण्यातले आता वडीलधारे. गल्ली आली. मला नवी साडी नेसवून पाटावर बसवलं. समोर दुसऱ्या पाटावर तांदळाच्या राशीवर तांब्याचा गडू, तोंड कापडानं बांधलेलं, गळ्यात झेंडूची माळ. गुरुजींनी पळी-पंचपात्र मांडलं. मायची खुर्ची पाटाजवळ ठेवलेली होती, तिला दिसावं म्हणून.

गुरुजी म्हणाले, "यात्रेकरूनं गडूला हात लावायचा."

मी हात पुढे केला. तेवढ्यात माय म्हणाली, "थांबा. गडूत पाणी कुठलं हाय?"

भाऊ म्हणाला, "गंगेचं हाय, माय. शिक्का असलेली बाटली आणली म्या. अस्सल."

"ही गेली होती का गंगेला?"

"माय, गंगा म्हणजे..."

"मी काय इचारलं? ही गेली होती का?"

"न्हाई," भाऊ म्हणाला.

"मग हे पाणी हिनं आणलं का?"

मांडवात पंगतीला बसायला आलेले लोक पुढे सरकले. चुलत्यांनी चष्मा नाकावर घेतला. भाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पाणी ते पाणीच की, माय. देवाला सगळं सारखं."

"सारखं असलं तर नळाचं भरायचं की. नऊ दिवसांनी येतंय, त्याचंच मावंदं घाल."

लोक हसले. समोरच्या मावशी सगळ्यात मोठ्यानं. भावाचा चेहरा लाल झाला. माय हसली नाही. ती गुरुजींकडे वळली. "महाराज, तुम्हीच सांगा. माणूस जिथं गेला तिथलं पाणी स्वतः आणतो, त्याचं मावंदं. दुकानातनं बाटली आणून यात्रा व्हायली, तर मी घरबसल्या चार धाम करते."

गुरुजींनी चुलत्यांकडे बघितलं. चुलत्यांनी घसा खाकरला. "वैनी म्हणत्यात ते रीतीचं हाय. आमच्या आजीचं मावंदं मला आठवतं. पाण्याची झारी तिनं काशीहून उरावर धरून आणली होती, रेल्वेत झोपली न्हाई."

"मग आज ह्याला काय म्हणायचं?" भावानं हात पसरून मांडव दाखवला. "ऐंशी माणूस जेवायला आलंय!"

"जेवण म्हणायचं," चुलते म्हणाले. "आमटी झकास वास मारायली. बसा रे."

पंगत बसली. मी पाटावरून उठले, पदर खोचला आणि वाढायला घेतलं, कारण उभं राहून काय करायचं ते सुचत नव्हतं. माय मला ठरवून सोडवत होती, की तिला खरोखर गडूतल्या पाण्याचाच राग आला होता, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढेही मी विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर मायनं आम्हा तिघांना बोलावलं. तिनं भावाकडे बोट केलं. "तुझं बोलणं काय होतं? यात्रा होईपर्यंत माय माझ्याकडं. झाली का यात्रा?"

"न्हाई," भाऊ म्हणाला.

"मग मी तुझ्याकडं."

भावजयीनं खाली बघितलं. तिची बोटं पदराचं टोक पिळत होती. पण मायचं संपलं नव्हतं.

"तुझ्याकडं म्हटलं. हिच्याकडं न्हाई. ही उद्या इस्लापूरला जाईल, आईकडं. तुझी रजा साठलेली हाय, रोज सांगतोस. इथं राहा. नांदेडला ते दोन जिने मला चढवणार न्हाईस तू."

"मला कमोडचं येत न्हाई, माय! माझी कंबर..."

"तुझी अक्का सिस्टर हाय. चार दिवस हायत. शिकवंल."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "कंबर वाकवायचीच नसती. गुडघे वाकवायचे. ये, दाखवते."

चार दिवस मी त्याला शिकवलं, दवाखान्यात नव्या मुलींना शिकवायची तसं. पट्टा कुठं धरायचा, मायनं आधी कुठला पाय टाकायचा, खुर्चीचं चाक आधी अडकवायचं मग माणूस बसवायचं. दुसऱ्या दिवशी तो चाक अडकवायला विसरला आणि खुर्ची मायसकट भिंतीपर्यंत गेली. माय म्हणाली, "कंडक्टर, घंटी तरी मारायची." तिसऱ्या दिवशी त्याला जमलं. औषधांचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला. नळाचा दिवस त्यावर लाल पेनानं लिहिला आणि बोअर, टाकी, पिंपं यांचा क्रम समजावला. तो म्हणाला, "अक्का, हे रोज असतं?" मी म्हटलं, "नळ नऊ दिवसांनी. बाकीचं रोज." भावजय दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. जाताना माझ्या हातावर तिनं हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

ते तीन आठवडे कसे गेले ते सांगण्यात फार अर्थ नाही. सॅकला लोणच्याचा वास लागला होता. सीमेवरच्या खिडकीत या वेळी पुरुष होता. त्यानं कोऱ्या पासपोर्टवर न बघता शिक्का मारला. डोंगरात गाड्या बदलत, सहप्रवाशांचा पाव खात मी तळ्यावर पोचले. पाणी निळं होतं आणि हात घालवत नव्हता इतकं गार. काठावर सॅक उतरवली. 'आता पुरे' म्हणायचं ठरवलं होतं ते म्हणायचं विसरले, कारण भावाचा फोन आला होता. नळ आला होता आणि त्याला पंपाचं बटण सापडत नव्हतं. त्याला बटण सांगितलं, मग अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली तळ्यात बुडवून भरली, झाकण घट्ट लावलं आणि बुटात खोचून सॅकच्या तळाशी ठेवली.

ठरलेल्या दिवशी अहमदपूरमार्गे एसटीनं लातूरला उतरले. दार भावानं उघडलं. तो वाळला होता आणि त्याच्या हातात मायचा पट्टा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावंदं झालं. या वेळी माणसं सहाच. माय, मी, भाऊ, इस्लापूरहून परत आलेली भावजय, चुलते आणि समोरच्या मावशी. गडूत तळ्याचं पाणी ओतलं. गुरुजी नव्हते, चुलत्यांनीच हळदकुंकू वाहिलं. मग माय म्हणाली, "दे तीर्थ." मी उकळून घेतलेलं पळीभर तिच्या तळहातावर दिलं.

तिनं जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय गं."

"हाव. तिथलं तळंच तसं हाय."

"आपल्या बोअरसारखं."

"तसंच."

"मग एवढ्या लांब कशाला गेलीस?" ती म्हणाली, पण उरलेलं पिऊन टाकलं आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला.

जेवताना भावाची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. दुपारच्या गाडीची दोन तिकिटं त्यानं आदल्या दिवशीच काढली होती. तो भराभर जेवत होता. मायची गोधडी मी सकाळीच वरच्या कपाटात ठेवली होती. थंडीत काढायला. हे कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. यात्रा झाली होती, बोलणं तेवढंच होतं.

माय भात कालवत म्हणाली, "नव्या वहीत पानं किती हायत?"

"साठ."

"भरली किती?"

"दीड."

भावाचा घास ताटावरच थांबला. तो आधी मायकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. भावजयीनं मात्र मान वर केली नाही, त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "जेवा. गाडी सुटंल."